तयार कुंडीमिश्रण घेताना खताआधी हवा पाहावी

गोव्यातल्या जुन्या परसांत आंब्याच्या किंवा फणसाच्या खोडावर चढलेला मनीप्लांट हमखास दिसतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याच्यावर पाऊस कोसळत असतो, खोडाला चिकटलेली त्याची मुळे दिवसेंदिवस ओली असतात, आणि तरीही त्याची पाने वितीची हातभर होत जातात. त्याच वेलाची फांदी तोडून पर्वरीच्या किंवा मडगावच्या फ्लॅटमध्ये, बाजारातून आणलेल्या काळ्याभोर तयार मिश्रणात लावली, तर पावसाचा एक थेंबही अंगावर न पडता ती जुलैअखेर पिवळी पडू लागते. रोप उपटून पाहिले की मुळे तपकिरी झालेली असतात. एखादे बोटांच्या चिमटीत धरून ओढले तर त्याचे साल सुटून हातात येते आणि आत उरतो तो नुसता दोरा. जास्त पाण्याने कुजले, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण केवळ पाण्याने मुळे कुजत असती, तर आंब्यावरचा वेल केव्हाच संपला असता. खोडावरच्या मुळांना पाण्याबरोबर हवाही मिळते आणि कुंडीतल्या मुळांना ती मिळत नाही, एवढाच दोहोंतला फरक आहे. तयार मिश्रणाचे पोते निवडणे आणि त्यात घरी फेरफार करणे, हे दोन्ही याच फरकाशी येऊन ठेपते.

पोत्यात नेमके काय असते?

‘पॉटिंग सॉइल’ किंवा ‘पॉटिंग मिक्स’ या नावाने मिळणाऱ्या पोत्यात शेतातली माती बहुधा नसते, आणि असली तर थोडी असते. आपल्या बाजारातल्या बहुतेक पोत्यांचा मुख्य घटक कोकोपीट हा आहे, म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढून घेतल्यावर उरणारा भुसा. त्यात गांडूळखत किंवा कुजलेले शेणखत, थोडी निंबोळी पेंड, कधी तांबडी माती आणि वर दिसण्यापुरते परलाइट मिसळलेले असते. परलाइट हा ज्वालामुखीतून आलेला काचेसारखा खडक असून तो सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवला की आतल्या पाण्याच्या वाफेने फुगतो आणि हलका, पांढरा, सच्छिद्र दाणा तयार होतो. परदेशी पोत्यांत कोकोपीटच्या जागी पीट मॉस असते. थंड प्रदेशांतल्या पाणथळीत शेवाळ अर्धवट कुजून पीटचे थर साठतात, आणि ते वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात. माड दारात असणाऱ्यांनी ते कॅनडाहून मागवण्याचे काही कारण नाही.

तयार मिश्रणाची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी १९३० च्या दशकात कुंड्यांसाठी प्रमाणित मिश्रण ठरवले, त्यात सात भाग कसदार माती, तीन भाग पीट आणि दोन भाग भरड वाळू असे. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेम्स बूडली आणि रेमंड शेल्ड्रेक यांनी मातीला पूर्ण फाटा देऊन पीट आणि परलाइट किंवा व्हर्मिक्युलाइट एवढ्यावरच रोपे वाढवून दाखवली. व्हर्मिक्युलाइट हे उष्णतेने फुगवलेले अभ्रकासारखे खनिज असून ते परलाइटच्या उलट पाणी धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात ते आपल्या फारसे कामाचे नाही.

आमची तांबडी माती काय वाईट आहे?

जमिनीत ती मुळीच वाईट नाही. जांभ्यापासून झालेली गोव्याची माती आम्लधर्मी आहे, तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर आहेत आणि ती स्फुरद धरून बसते, तरीही काजू, फणस आणि आंबा तिच्यावर उत्तम पोसतात. जमिनीत मातीखाली आणखी माती असते. पाणी खोल ओढले जाते, आणि गांडुळांनी, मुंग्यांनी व मेलेल्या मुळांनी केलेल्या वाटांतून मागोमाग हवा आत शिरते. तीच माती वीतभर उंचीच्या कुंडीत भरली की या वाटा नाहीशा होतात. प्रत्येक पाण्यासरशी तिचे बारीक कण खाली बसत जातात आणि काही महिन्यांत ती इतकी आवळते की बोट आत जात नाही. दाराबाहेर मोठ्या कुंडीत, उन्हावाऱ्यात ठेवलेली जास्वंद तिच्यात जगते, घरातल्या कोपऱ्यात ठेवलेले पीस लिलीचे रोप जगेलच असे नाही.

कुंडीच्या तळाशी पाणी का साचून राहते?

तळाला भोक आहे, पाणी निथळून गेले, बशी कोरडी आहे, तेव्हा कुंडीत जादा पाणी उरलेले नाही असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ते खरे नाही. भांडी घासण्याचा नवा, आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून तळहातावर आडवा धरावा. थोडे पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न दाबता कडेवर उभा करावा, की पुन्हा पाणी गळू लागते. स्पंज तोच, पाणी तेच, बदलली ती फक्त उंची. सूक्ष्म पोकळ्यांमध्ये पाणी स्वतःच्या ओढीने अडकून राहते, त्याला केशाकर्षण म्हणतात. ही ओढ आणि पाण्याचे वजन यांचा मेळ ज्या उंचीवर बसतो, तिच्या खालचा सगळा थर निथळल्यानंतरही पाण्याने गच्च भरलेला राहतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, या गच्च थराची उंची मिश्रणाच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर ठरत नाही. समजा एखाद्या मिश्रणात तो थर ५ सेंटीमीटरचा आहे. १० सेंटीमीटर उंचीच्या कुंडीत निम्मी जागा पाण्याखाली गेली, ३० सेंटीमीटरच्या कुंडीत फक्त सहावा भाग. म्हणून उथळ, पसरट, दिसायला देखण्या कुंड्यांमध्ये नेहमीचे मिश्रण जसेच्या तसे वापरू नये. कुंडी जितकी उथळ, तितके मिश्रण भरड हवे. दुसरी गोष्ट, कण जितके बारीक तितका हा थर उंच. चहाच्या चुऱ्यासारखे बारीक कोकोपीट आणि चाळलेले गांडूळखत एकत्र आले की थर वर चढत जातो आणि मुळांना हवेची जागा उरत नाही. पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारांशाने असतो, त्यामुळे गच्च थरातल्या मुळांना वरच्या मोकळ्या हवेचा उपयोग जवळजवळ होत नाही.

मग तळाला खडी घातली तर?

घरोघरी दिला जाणारा हा सल्ला आहे आणि तो चुकीचा आहे. बारीक मिश्रणाखाली खडीचा किंवा चिऱ्याच्या तुकड्यांचा थर दिला, तर पाणी त्या सीमेवर येऊन थांबते. वरच्या बारीक पोकळ्यांची ओढ खालच्या मोठ्या पोकळ्यांपेक्षा जास्त असल्याने, वरचा थर पूर्ण भरेपर्यंत पाणी खडीत उतरत नाही. गच्च थर होता तेवढाच राहतो, फक्त खडीच्या उंचीइतका वर सरकतो, आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा तेवढी कमी होते. भोकातून मिश्रण वाहून जाऊ नये म्हणून त्यावर खापराचा एखादा तुकडा किंवा जाळीचा चौकोन ठेवायला हरकत नाही. बाकी भरड जे काही घालायचे, ते तळाशी वेगळे न घालता सगळ्या मिश्रणात मिसळून घालावे.

मनीप्लांट तर बाटलीतल्या पाण्यातही जगतो, त्याचे काय?

आक्षेप बिनतोड वाटतो. पण बाटलीत फुटलेली मुळे पाण्यातच वाढलेली असतात, त्यांच्या आत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ्या तयार झालेल्या असतात, आणि बाटलीत कुजणारे सेंद्रिय पदार्थ नसल्याने पाण्यातला थोडाबहुत प्राणवायू मुळांच्या वाट्याला येतो. कुंडीतल्या गच्च थरात परिस्थिती वेगळी असते. तिथे गांडूळखत आणि कोकोपीट यांवर जगणारे असंख्य सूक्ष्मजीव तो प्राणवायू आधी संपवतात, आणि गुदमरून अशक्त झालेल्या मुळांवर पिथियम, फायटॉप्थोरा यांसारखे पाण्यात पसरणारे रोगकारक हल्ला करतात. म्हणूनच ‘अधिक पौष्टिक’ म्हणून गांडूळखताने भरलेले मिश्रण घरातल्या कुंडीत लवकर दगा देते.

गोव्यात हा प्रश्न अधिक का जाणवतो?

निथळून झाल्यावर प्लॅस्टिकच्या कुंडीतले पाणी दोनच वाटांनी कमी होते: वरच्या पृष्ठभागावरून आणि पानांमधून. दोन्ही वाटा हवा कोरडी असेल आणि उजेड असेल तरच चालतात. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. त्या काळात हवेत आर्द्रता भरलेली, आकाश झाकोळलेले आणि खिडक्या झडीमुळे बंद असतात. दोरीवरचे कपडे ज्या हवेत दोन-दोन दिवस वाळत नाहीत, त्या हवेत कुंडीतले मिश्रण तरी कसे वाळणार? पोत्यावर छापलेली पाणी देण्याची वेळापत्रके आणि मिश्रणाची मूळ रचना बहुधा कोरड्या शहरांचा विचार करून ठरवलेली असतात. पुण्यात किंवा दिल्लीत पाणी धरून ठेवणारे मिश्रण हा गुण आहे. आपल्याकडे जुलैत तोच दोष ठरतो.

याला अपवाद आहेत. दिवसभर वातानुकूलन चालणाऱ्या कचेरीत हवा पावसाळ्यातही कोरडी राहते, आणि मार्च-एप्रिलमध्ये पश्चिमेच्या गॅलरीत फार भरड मिश्रण सकाळी भिजवले तर संध्याकाळी सुकलेले असते. त्यामुळे सर्वांसाठी एक प्रमाण सांगता येत नाही. घर कोणत्या बाजूला आहे, कुंडी किती उंच आहे आणि पाणी घालणाऱ्याचा हात किती सैल आहे, हे पाहूनच मिश्रण ठरवावे लागते. शेवटच्या मुद्द्याकडे कोणी लक्ष देत नाही, पण ज्या घरात दोघेतिघे आपापल्या वेळी झाडांना पाणी घालतात, तिथे मिश्रण भरडच ठेवणे शहाणपणाचे.

पोते निवडताना काय पाहावे?

सर्वांत आधी वजन विसरावे. आपल्याकडे मिश्रण बहुधा किलोवर विकले जाते आणि ओल्या कोकोपीटचे वजन कोरड्याच्या कित्येक पट असते, त्यामुळे पाच किलोंच्या दोन पोत्यांत जागा भरणारा माल अगदी वेगवेगळा असू शकतो. कुंडी भरते ती लिटरने. पोत्यावर लिटर छापलेले असतील तर त्यांची तुलना करावी, नसतील तर घरी आणल्यावर बादलीने मोजून पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवावे. हातात घेताच जड लागणारे पोते ओले तरी असते, नाही तर त्यात माती जास्त असते. घरातल्या झाडांसाठी दोन्ही नकोत.

काळा रंग हा गुण नव्हे. गांडूळखत जास्त असले की मिश्रण काळे दिसते, आणि ग्राहकाला काळे आवडते म्हणून ते तसे ठेवले जाते. त्यापेक्षा एक मूठ ओलसर मिश्रण हातात घट्ट दाबून मूठ उघडावी. बोटांचे ठसे उमटलेला गोळा तसाच राहिला आणि बोटाने टोचल्यावरही फुटला नाही, तर ते फार बारीक आहे. मूठ उघडताच ते सैल होऊन सुटे झाले आणि त्यात तंतू, सालींचे तुकडे, वेगवेगळ्या आकारांचे दाणे दिसले, तर ते कामाचे आहे. वास पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या जमिनीचा यावा. आंबूस किंवा कुजक्या अंड्याचा वास येत असेल, तर पोते बंद असतानाच आतली हवा संपलेली आहे आणि खत पुरते कुजलेले नाही. पृष्ठभागावर पांढरी बुरशी दिसली म्हणून मात्र पोते टाकून देऊ नये, ती सेंद्रिय पदार्थांवर जगणारी निरुपद्रवी बुरशी असते आणि हवा लागली की जाते.

‘इनडोअर’, ‘सक्युलेंट’, ‘अरॉइड’ (म्हणजे मनीप्लांटसारखी अळूच्या कुळातली झाडे) अशी वेगवेगळी नावे छापलेली पोती मिळतात. नावावरून किंमत ठरते, घटक ठरतातच असे नाही. ऑस्ट्रेलियात कुंडीमिश्रणांसाठी एएस ३७४३ नावाचे मानक आहे आणि त्यात हवेची जागा, सामू म्हणजे आम्लता-अल्कता, आणि मिश्रण किती सहज भिजते अशा गोष्टी तपासल्या जातात. आपल्या पोत्यांवर नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे ठळक असतात, हवेचा आकडा क्वचितच दिसतो. तेव्हा तो घरीच काढावा लागतो.

हवेची जागा घरी कशी मोजावी?

ही मोजणी एकदा करून पाहावी, मग पोत्यावरच्या जाहिरातीकडे लक्ष जात नाही. आपण वापरणार त्याच उंचीची प्लॅस्टिकची कुंडी घ्यावी, तिची भोके बाहेरून पक्क्या चिकटपट्टीने बंद करावीत, काठाखाली एक रेघ ओढावी आणि रेघेपर्यंत पाणी भरून ते मोजावे. समजा ते २ लिटर भरले. आता कुंडी रिकामी करून, आधी ओलसर करून ठेवलेले मिश्रण रेघेपर्यंत भरावे आणि कुंडी दोनतीनदा जमिनीवर हलकेच आपटून ते बसू द्यावे. कडेने अगदी सावकाश पाणी ओतत राहावे, पृष्ठभागावर पाण्याची चकाकी दिसली की थांबावे, काही तास तसेच ठेवून पातळी उतरली असेल तर पुन्हा भरावे. नंतर कुंडी घमेल्यावर दोन पट्ट्यांवर टेकवून तळाची चिकटपट्टी काढावी आणि थेंब थांबेपर्यंत निथळू द्यावे. घमेल्यात जमलेले पाणी मोजावे. जेवढे पाणी खाली आले, तेवढी जागा आता हवेने घेतली.

दोन लिटरच्या कुंडीतून १६० मिलिलिटर निथळले असतील, तर हवेची जागा ८ टक्के झाली, आणि ती पावसाळ्यासाठी कमी आहे. साधारण १० ते २० टक्के हा सामान्य झाडांसाठी मानला जाणारा पल्ला आहे. घरातल्या झाडांसाठी गोव्यात त्याच्या वरच्या टोकाला राहावे, आणि मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा यांसारख्या झाडांवर चढणाऱ्या वेलांना २० ते ३० टक्के दिले तरी चालते. मोजणी दुसऱ्या उंचीच्या कुंडीत केली तर आकडा बदलतो, कारण वर सांगितलेला गच्च थर.

काय मिसळावे आणि किती?

परलाइट आणि प्युमिस म्हणजे ज्वालामुखीतला सच्छिद्र, हलका दगड, यांची नावे आधी येतात. ते हलके, न कुजणारे आणि सोपे आहेत, फक्त परलाइटची धूळ नाकात जाऊ नये म्हणून ते आधी पाण्याने भिजवावे. पण गोव्यात पैसे न मोजता मिळणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. घराची दुरुस्ती झाली की मंगळुरी कौलांचा ढीग बाहेर पडतो. ती भाजलेली, सच्छिद्र माती आहे. हातोडीने तुरीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे तुकडे करून, चाळून, धुऊन घेतले की उत्तम भर मिळते, मात्र रंग दिलेली कौले घेऊ नयेत. गिरणीतला भाताचा तूस हा दुसरा पर्याय. आपल्याकडे उकडे तांदूळ खाल्ले जात असल्याने इथल्या गिरण्यांत उकडलेल्या भाताचाही तूस मिळतो, आणि उकडलेले दाणे रुजत नसल्यामुळे कुंडीत भाताची रोपे उगवण्याची कटकट राहत नाही. तुसात सिलिका भरपूर असल्याने तो सावकाश कुजतो. परदेशातल्या हरितगृहांतही परलाइटऐवजी असा वाफवलेला तूस वापरतात.

सोडणाचे एकदोन सेंटीमीटरचे तुकडे हे वेलांसाठी फार चांगले, परंतु ते आधी पाण्यात भिजवून, तांबूस झालेले पाणी दोनचारदा बदलून घ्यावे. हाच नियम कोकोपीटच्या विटेला लागू आहे. किनारी भागातल्या सोडणात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात आणि न धुतलेल्या कोकोपीटमध्ये पानांच्या कडा करपतात. पाच किलोंची वीट फुगून साधारण ६० ते ७५ लिटर होते; ती गोणपाटात भरून जूनमध्ये पागोळीखाली आठवडाभर ठेवली, तर विरघळणारे क्षार पाऊसच धुऊन काढतो. कणांना चिकटून बसलेले सोडियम तेवढ्याने जात नाही, त्यासाठी थोड्या कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात ती रात्रभर भिजवून पुन्हा धुवावी.

वाळू मात्र टाळावी. समुद्राच्या वाळूत मीठ आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, पण नदीची बारीक रेतीही उपयोगाची नाही, कारण ती पोकळ्या उघडण्याऐवजी त्या भरून काढते आणि कुंडी उचलवेनाशी होते. कोळशाचे तुकडे भर म्हणून घालावेत. ते पाणी ‘शुद्ध’ करतात ही समजूत सोडून द्यावी.

आता प्रमाणाबद्दल. बारीक मिश्रणात दहावा हिस्सा परलाइट घातले, तर हवा जवळजवळ वाढत नाही. भरड दाणे एकमेकांना टेकत नाहीत तोवर त्यांच्यामधली सगळी जागा बारीक माल भरून टाकतो आणि दाणे त्यात नुसते तरंगत राहतात. फरक पडण्यासाठी भरड माल तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जावा लागतो. म्हणून पोत्यावर ‘परलाइटयुक्त’ लिहिलेले असते तेव्हा त्यातले पांढरे दाणे दिसण्यापुरतेच समजावेत. अरॉइड वेलांसाठी दोन भाग तयार मिश्रण, एक भाग परलाइट किंवा कौलाचे तुकडे आणि एक भाग सोडणाचे तुकडे असे घ्यावे. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट यांना निम्मे-निम्मे, आणि खिडकी उत्तरेकडे असेल तर भरड माल निम्म्याहून जास्त. पीस लिली आणि नेचे यांना ओल आवडते, त्यांना तीनास एक पुरे. अरेका पामसाठी कौलाचे तुकडेच बरे, कारण उंच झाडाला थोडे वजनही लागते. सगळी मापे डब्याने घ्यावीत, आणि दोन डबे अधिक एक डबा मिळून तीन डबे भरत नाहीत हे आधीच धरून चालावे. ऑर्किडला तयार मिश्रण अजिबात देऊ नये. आपल्या रानात झाडांच्या सालीवर फुलणारी सीतेची वेणी मुळे उघडी ठेवूनच सगळा पावसाळा काढते.

एवढे भरड केल्यावर झाडाला खत कुठून मिळणार?

बाहेरून द्यावे. गांडूळखत मिश्रणाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ठेवू नये, कारण त्याचे कण बारीक असतात. पोत्यातले सुरुवातीचे खत तसेही काही आठवड्यांत संपते. त्यानंतर, झाड वाढत असेल तेव्हाच, पाण्यात विरघळणारे संतुलित खत सांगितलेल्या मात्रेच्या निम्मे किंवा त्याहून कमी घालून द्यावे, किंवा सावकाश सुटणाऱ्या खताच्या गोळ्या मिसळाव्यात. पावसाळ्यात उजेड कमी असतो तेव्हा झाडाला भूकही कमी असते. सवयीने चुना घालण्याची काही गरज नाही; तो आम्लधर्मी पीटच्या मिश्रणात लागतो, कोकोपीटचा सामू घरातल्या बहुतेक झाडांना चालणाराच असतो. खाजणाजवळच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट सखल जमिनीजवळच्या, विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, ते वापरत असाल तर मिश्रणावर पांढरा थर धरतो. अशा वेळी महिन्यातून एकदा साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या पाण्याने कुंडी भरपूर निथळवून काढावी.

नर्सरीतल्या रोपाची मूळ माती काढावी का?

पुण्याकडून किंवा आंध्रातल्या कडियमहून येणाऱ्या रोपांच्या मुळांभोवती पुष्कळदा चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच ठेवून भोवती मोकळे मिश्रण भरले, तर गोळा ओला राहतो आणि भोवतालचे मिश्रण कोरडे, किंवा एकदा गोळा कडक वाळला की पाणी त्याला वळसा घालून निघून जाते. झाड जोमात असेल तर गोळा पाण्यात बुडवून बोटांनी हळूहळू सोडवावा आणि निदान बाहेरचा अर्धा भाग काढून टाकावा. झाड आजारी असेल किंवा आषाढाची झड चालू असेल, तर घाई करू नये. कुंडी बदलण्यासाठी पाऊस ओसरल्यावरचा ऑक्टोबर चांगला; ते जमले नाही तर फेब्रुवारी-मार्च. परलाइट, तूस, कौलाचे तुकडे हा कोरडा माल मात्र पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी आधी करायच्या साठवणीच्या, खरेदीबरोबरच भरून ठेवावा, कारण जुलैत तो ओलाच मिळतो.

चिलटे, धूळ आणि जुने मिश्रण

कुंडीभोवती घिरट्या घालणारी बारीक काळी चिलटे वरच्या ओल्या थरात अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या तिथल्या बुरशीवर व कोवळ्या मुळांवर जगतात. वरचे दोनतीन सेंटीमीटर मिश्रण दोन पाण्यांच्या मध्ये वाळू दिले की त्यांचा बंदोबस्त होतो, उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट कागद लावावेत. पोते उघडताना तोंड लांब ठेवावे आणि कोरडे मिश्रण आधी पाणी शिंपडून ओलसर करावे. ऑस्ट्रेलियात अशा मिश्रणांच्या धुळीतून लिजियोनेला लाँगबीची या जिवाणूमुळे न्यूमोनिया झाल्याचे आढळल्यापासून तिथल्या पोत्यांवर तशी ताकीद छापतात.

कोणतेही सेंद्रिय मिश्रण कुजत जाते आणि आपल्या उष्ण, दमट हवेत लवकर कुजते. कुंडीतली पातळी दोन बोटे खाली गेली, पाणी वर साचून सावकाश उतरू लागले, की भरड उरलेले नाही असे समजून वर्ष-दीड वर्षात मिश्रण बदलावे. जुने फेकण्याचे कारण नाही. ते चाळून बारीक भाग परसातल्या फुलझाडांना द्यावा, वरचे कौलाचे आणि परलाइटचे दाणे धुऊन पुन्हा घ्यावेत, आणि उरलेले एप्रिल-मेच्या उन्हात ओलसर करून, प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदाखाली चार-सहा आठवडे तापवून, नव्या मिश्रणात तिसऱ्या हिश्श्यापर्यंत मिसळावे. मुळे कुजून मेलेल्या झाडाचे मिश्रण मात्र या हिशेबात धरू नये आणि पोफळीच्या किंवा माडाच्या आळ्यातही टाकू नये, कारण पोफळीचा कोळेरोग आणि माडाचा कोंब कुजणे हे फायटॉप्थोरा गटातल्याच रोगकारकांमुळे होतात.